सातवा शनिवार आणि बिनक्लचची मोटार

मिशनचे साहेब एकाहत्तर साली अमेरिकेला परत गेले, तेव्हा त्यांची आकाशी रंगाची लांबलचक मोटार घोडेगावच्या कारभाऱ्यांनी घेतली. तिला क्लच नव्हता. गियर तिचे ती बदलायची. म्हणजे बदलावेसे वाटले तर. एरवी पहिल्याच गियरमध्ये वासरू हरवलेल्या गाईसारखी हंबरत राहायची.

मोटार दारात आली त्याच आठवड्यात बैलाचे शिंग मोडले, विहिरीत कुत्रे पडले आणि कारभाऱ्यांची दाढ ठणकू लागली, ती चार-साडेचार महिने थांबेना.

"साडेसाती चाकावर बसून आली," असे म्हणत त्यांच्या बायकोने, राहीबाईने, नवऱ्यासाठी शिंगणापूरच्या सात शनिवारांचा नवस केला. अट एकच. दर्शन झाले की तिने मागे वळून बघायचे नाही. बघितले, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

सहा शनिवार बैलगाडीने झाले. सातव्याला कारभारी हट्टाला पेटले, की मोटारच न्यायची. चालवायला गिदोन मिस्त्री. साहेबांच्या वेळेपासून मोटारीला हात त्याचाच.

जाताना मोटार रडतखडत पोहोचली. कारभाऱ्यांनी ओल्या धोतराने चौथऱ्यावर जाऊन तेल वाहिले, राहीबाईने खालून हात जोडले आणि ती नजर पायांशी ठेवून कारभाऱ्यांमागोमाग मोटारीत बसली. गिदोनने दांडा ओढला. इंजिन गुरगुरले, मोटार जागची हलेना. पुढचे सगळे गियर गेले होते. मागचा तेवढा लागत होता.

"मागं तर मागं," कारभारी म्हणाले. "घर तिकडंच हाय."

"पर मोटारीचं तोंड देवाकडं हाय," राहीबाई म्हणाली. "सरळ बसलं तरी चौथराच दिसनार."

रुईच्या माळा विकणारी रंगुबाई खिडकीशी आली. "मंग उलटी बस की, बये."

"उलटं बसायला वळावं लागतंय. वळले की मोडलं."

"डोळं मीट."

"आनि उघडलं म्हंजी?"

शेवटी राहीबाईने पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि मोटार पाठमोरी निघाली. गिदोनची मान खिडकीबाहेर. समोरून बैलगाडी आली, म्हणजे खरे तर मागून. गाडीवान थांबला.

"कुठं निघाला?"

"घोडेगावला."

"मंग तोंड का तिकडं?"

"नमस्कार चाललाय अजून," कारभारी म्हणाले.

मैलभर गेल्यावर मागचा गियरही सुटला. गिदोनने इंजिन बंद केले, बॉनेट उघडले, गियरच्या तेलाची पट्टी ओढून उन्हात धरली. "तेल काठोकाठ हाय, अन्ना. ह्येच मला कळंना. सा महिनं झालं, कवा बी बघा, काठोकाठ."

पदराच्या आतून आवाज आला, "इंजान बंद करून बघता का, गिदोनभाऊ?"

"व्हय वैनी. सायेब होतं तवर त्येच बघायचं. मी ट्रकचं बघत्यात तसं बघतो."

"आमची हीर बी इंजान बंद केलं की भरल्यागत दिसती. पानी किती हाय ते इंजान पानी वढत असताना कळतं."

गिदोनने कारभाऱ्यांकडे बघितले. कारभाऱ्यांनी दाढ दाबली. मग गिदोनने इंजिन चालू केले, थोडे तापू दिले आणि पट्टी पुन्हा ओढली. कोरडी. जेमतेम टोक ओले.

साहेबांनी ठेवलेले लाल तेलाचे दोन डबे सहा महिने डिकीत पडून होते. कारभारी धारेने ओतू लागले, गिदोन ब्रेकवर पाय ठेवून दांडा एकेका खाचेतून फिरवू लागला. दुसरा डबा संपला, पट्टी लाल झाली. कारभाऱ्यांनी बॉनेट दाबले आणि बाजूला झाले. गिदोनने दांडा पुढच्या खाचेत टाकला. मोटार शहारली. निघाली. शेजारच्या खळ्यात गोल वळसा घालून तिने घोडेगावकडे तोंड केले.

राहीबाईने पदर वर केला. समोर उघडा रस्ता, बाभळी, दोन होले. सहा महिन्यांचे ओझे उतरल्यासारखे तिला वाटले.

मागून हाक आली. "अगं! मी ऱ्हायलो!"

"थांबवा की, गिदोनभाऊ!"

"थांबवली तर पुन्ना धरंल का न्हाई देव जाने. अन्ना येत्यात का ते बघा जरा."

"मी कशी बघू? त्येंच्यासाठीच तर बघायचं न्हाई. तुमी बघा."

"मी न्हाई. आमच्या बायबलात मागं बघनाऱ्या बाईचा मिठाचा खांब झाला."

"आरशात?"

"आरसा बी मागलंच दावतो," असे म्हणून गिदोनने आरशावर टोपी अडकवली.

मोटार पहिल्या गियरमध्ये हंबरत बैलाच्या चालीने चालली होती. ओल्या धोतराची फटफट जवळ येत गेली. राहीबाईने रस्त्यावरची नजर हलवली नाही. नुसता हात खिडकीतून मागे केला, पंजा उघडा. त्यात तेलकट बोटे आली.

"म्होरं या," ती म्हणाली. "म्होरं आला की बघते."

कारभारी पळाले. दरवाजाला आले, दिव्याला आले, दिव्याच्याही पुढे गेले. आणि मग तिने बघितले. कोपरापर्यंत लाल हात, कानात रुईचे पान, तोंडावर हसू.

"दाढ?" तिने विचारले.

"थांबली! व्हय गं, थांबली!"

तेवढ्यात मोटारीच्या पोटात लोण्याच्या गोळ्यासारखे मऊ काहीतरी सरकले. हंबरणे बंद झाले.

"वैनी!" गिदोन ओरडला. "बदलला! आपसूक बदलला!"

सहा महिन्यांत पहिल्यांदा मोटार दुसऱ्या गियरमध्ये गेली आणि कारभारी पुन्हा मागे पडले.

राहीबाई समोर बघत हसली. डोळ्यांत पाणी, ओठांवर जात्यावरचा सूर. मागच्या माणसाला ऐकू जावे म्हणून ती मोठ्याने गाऊ लागली:

"सातवा शनिवार, पुढं पुढं माझी नजर,
मागून हाक मारी, माझ्या जल्माचा शेजार."