ओढ्याकाठचे कोवळे कोंब

मी एका घरामागच्या ओढ्याकाठचा नेचा. मला फूल नाही, फळ नाही, वास तर नाहीच नाही. माझं पान मातीतून वर येतं तेच गुंडाळलेलं, तान्ह्या बाळाच्या मिटल्या मुठीसारखं. सगळेच नेचे खाण्याजोगे नसतात, पण माझे कोवळे कोंब खुडून, शिजवून खातात. या घराला मात्र त्याचा पत्ता नव्हता. घरची बाई मागच्या दाराशी शिवणयंत्र चालवायची आणि माझी थोरली पानं तोडून चपलांचा चिखल पुसायची.

मग तिच्या घरात सून आली. मला पाहताच तिचा चेहरा उजळला.

"अहो आई, ही भाजी आहे! माझी आई करायची."

"भाजी कसली? रान आहे ते," सासूबाईंनी उडवून लावलं.

सून आत निघून गेली. तिची आई आता या जगात नव्हती, हे मला नंतर कळलं.

पुढे सुनेला दिवस गेले आणि तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना. सासूबाई नाना तऱ्हा करून घालायच्या, पण ताट जसंच्या तसं परत यायचं. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात ठेवायची भाषा केली, तेव्हा मात्र सासूबाईंचा धीर सुटला.

"अगं, काय खावंसं वाटतंय ते एकदा सांग तरी!"

"सांगितलं होतं, आई," सून हळूच म्हणाली.

शिवणयंत्र थांबलं. पदर खोचून, दुखरे गुडघे सावरत सासूबाई काठ उतरल्या. पाय घसरला तशी त्यांनी मलाच धरलं. माझी मुळं कळवळली, पण मी माती सोडली नाही. त्यांनी कवळाभर पानं तोडली, नेमकी सगळी जून!

दारात उभी असलेली सून खळखळून हसली. या घरात मी तिचं हसू पहिल्यांदाच ऐकलं.

"अहो, ही नाहीत! ते गुंडाळलेले कोंब. तो नको, तो उघडलाय. हां, तो!"

"आधी सांगायला काय झालं होतं?" पुटपुटत त्या खुडत राहिल्या. खुडताना दुखतं मला, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मात्र जाणवलंच नाही.

लसणाची फोडणी चुरचुरली. मी कान टवकारून बसलो. बराच वेळ नुसता ताटाचा आवाज. मग सून म्हणाली, "आई, तू पण घे ना."

तू! तिने जीभ चावली असावी. सासूबाईंचं ताट पुढे सरकल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "वाढ, बाळा."

आज सुनेची लेक काठावर रांगते. आळीतल्या सगळ्या बाया माझ्याकडे येतात. पण कौतुकही कधी जिवावर बेततं. कोंब वर यायचा अवकाश, की खुडलाच! पानच उरलं नाही, तर मी जगू कसा?

"दोन राहू द्या गं त्याचे," सासूबाई दारातून ओरडतात, "लेकुरवाळा आहे तो!"

तुम्हीही एवढंच ऐका. पोटभर न्या, पण दोन कोंब राहू द्या. कुणाला तरी उद्या आईची आठवण येईल.