बाराच्या आत

कूलर चालू होता म्हणून मी निर्धास्त होतो. निर्धास्त हा शब्द बरोबर नाही. कूलरच्या घरघरीत माझ्या पोटाचा आवाज दबत होता, एवढंच.

आतड्याच्या ऑपरेशननंतर माझ्या पोटावर उजव्या बाजूला एक पिशवी असते. लहान आतड्याचं टोक तिथे बाहेर काढलं आहे. खाल्लेलं पातळ होऊन पिशवीत येतं, आणि येताना मला विचारत नाही. आज माझ्या मुलीला, श्रावस्तीला, बघायला तिचा सुगत आणि त्याची आई येणार होते. जेवताना पिशवी फुगली, गळली, वास सुटला तर? म्हणून काल संध्याकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. बायकोला, मीराला, सांगितलं, बुद्धपौर्णिमा आहे, उपोसथाचा उपास धरलाय.

"डॉक्टर उपाशी राहू नका म्हणालेत," मीरा म्हणाली.

"पाणी पितोय ना."

पीत होतोच, पण प्यालेलं पाणी सरळ पिशवीत उतरत होतं आणि पोटऱ्यांत गोळे येत होते. मीठ-साखरेचं पाणी, केळं, मऊ भात, थोडं थोडं पण वेळेवर, हे मला पाठ होतं. माझं सगळं पाठच असतं.

"बाबा, यार, सांगून टाका ना," श्रावस्ती कुजबुजली. "मला सुगतलासुद्धा सांगू दिलं नाहीत."

"ठरू दे आधी."

"आणि मग? लग्नाच्या हॉलमध्येही कूलर शेजारी घेऊन बसणार?"

बेल वाजली. जयभीम झाला. सुगतबरोबर त्याची आई, कुमुदताई, पांढऱ्या साडीत होत्या, गाझियाबादहून उन्हातून आलेल्या. पाणी पिऊन लगेच म्हणाल्या, "जेवणाचं आधी बघू या. माझा उपोसथ आहे, बाराच्या आत जेवायला हवं."

मीराने माझ्याकडे पाहिलं.

दिल्लीत शेजाऱ्यांच्या एकादश्या आणि निर्जळी करवाचौथ बघण्यात माझं आयुष्य गेलं. उपोसथात दुपारनंतर जेवत नाहीत, सकाळी जेवतात, हेच मी विसरलो होतो. त्यावरची पुस्तकं माझ्याच कपाटात होती.

"यांचाही उपोसथच आहे," मीरा शांतपणे म्हणाली.

"मग भाऊ, बसा की. घड्याळ थांबणार नाही."

ताट आलं. काकडीची कोशिंबीर, मक्याची उसळ; दोन्ही मला वर्ज्य. कुमुदताईंनी डबा उघडून खोबऱ्याची वडी माझ्यापुढे धरली. "घरची आहे. तोंड गोड करा." खोबऱ्याचा कीस अडकून एकदा माझं आतडं बंद पडलं होतं. हॉस्पिटलातल्या त्या कळा मला आठवल्या. मी वडी हातात घेतली. नाही कसं म्हणायचं ते सुचेना.

"तो कूलर जरा बंद कर रे सुगत, काही ऐकू येत नाही."

खोली शांत झाली. आणि उपाशी पोटातला वारा पिशवीत शिरताना लांबलचक गुरगुरला.

"काका, भूक बिल्कुल खवळलीय," सुगत हसला. बाकी कोणी हसलं नाही.

श्रावस्ती माझ्याकडे बघत होती. आता मी गप्प बसलो तर ती बोलेल, हे मला कळलं.

"भूक आहे," मी म्हणालो, "पण आवाज इथून आला." सदऱ्यावर हात ठेवून सगळं सांगितलं. क्रम चुकला, आधी पिशवी, मग आजार, मग ऑपरेशन. "उपोसथ नाही माझा. तुमच्यासमोर जेवायला घाबरलो."

कुमुदताईंनी माझ्या हातातली वडी काढून डब्यात ठेवली. बराच वेळ झाकण लावत राहिल्या.

"मग चालतं काय तुम्हाला?"

"गुरगुट्या भात. दही. मीठ जरा जास्त."

"मीराताई, आहे का?"

"रोजचा आहेच. झाकून ठेवलाय."

"वाढा मग. बारा वाजायला आलेत."

मी प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावतो, त्यामुळे मागे पडतो. सगळ्यांचं झालं तरी कुमुदताई उठल्या नाहीत, हात वाळवत बसून राहिल्या. मला अधिकच अवघडल्यासारखं झालं. तेवढ्यात पिशवी जड झाल्याचं जाणवलं.

"जरा आत जाऊन येतो."

"या जाऊन," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या तारखेचं तुम्ही आल्यावर बोलू."

मी जवळजवळ धावतच गेलो. मी येईपर्यंत त्यांचं मन बदलेल, असं वाटत होतं.