शेऱ्याचा रकाना

सुमनबाईंनी कागदावर कधी खोटं लिहिलं नाही. जे पाप केलं ते खरं लिहूनच केलं, आणि म्हणूनच ते तेरा वर्षं पोटात सलत राहिलं.

त्र्याहत्तर साली त्या सुरगाण्याकडच्या उंबरमाळ पाड्यावर एकशिक्षकी शाळेत होत्या. घर नाशिक रोडला. वडील नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, आई अंथरुणाला खिळलेली. बदलीचे अर्ज लिहून लिहून बाईंची बोटं दुखली, पण साहेबलोक ढिम्म हलले नाहीत.

पाड्याची रीत ठरलेली. भात झोडून झालं की घरंच्या घरं पोरांसकट उसाच्या फडावर जायची आणि होळीला परतायची. डिसेंबरात चाळिसाच्या पटातली अकरा पोरं उरत. आधीच्या जयराम गुरुजींनी चार्ज देतानाच बजावलं होतं, "बाई, वर कुठलाही तक्ता पाठवताना शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं, पालक मजुरीस बाहेरगावी, मुले होळीस परत. त्या एका ओळीवर ही शाळा उभी आहे." बाई दर वर्षी लिहीत.

त्या वर्षी सरकारला काटकसरीची उबळ आली. साहेबांच्या गाड्या कमी झाल्याचं कुणी ऐकलं नाही. शाळांवर मात्र कुऱ्हाड पडली. वीसपेक्षा कमी हजेरीची शाळा बंद करायची, मुलं शेजारच्या शाळेला जोडायची, आणि शिक्षक जादा ठरवून जिथे जागा असेल तिथे पाठवायचा. तक्ता आला. बाईंनी पट लिहिला चाळीस, हजेरी अकरा. शेऱ्यापाशी पेन थांबलं. नाशिक रोडजवळच्या एका गावात जागा रिकामी आहे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी रकाना कोरा सोडला आणि खाली सही केली.

होळीला लोक परतले, तेव्हा शाळा बंद करायचा हुकूम येऊन पडला होता. शेजारची शाळा नदीपलीकडे, चार मैलांवर. बाईंना निरोप द्यायला सगळा पाडा जमला. तिसरीतल्या मैनाचा बाप कारभारी हात जोडून म्हणाला, "चूक आमचीच हाय बाई. आम्ही पोरं नेली, म्हून सरकार रागावलं."

बाई ढसाढसा रडल्या. लोकांना वाटलं, किती ही माया! जीपमध्ये बसताना कुणी नागलीचं गाठोडं दिलं, तेही त्यांनी घेतलं. लाज वाटली, पण 'नको' म्हणून कारण काय सांगणार?

पुढे नाशिक रोडजवळची ती जागा मिळाली आणि आईची सेवा हातून झाली. आई समाधानाने गेली. सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये बाई तिथल्या शाळेत पहिलीच्या प्रवेशाचे फॉर्म भरत बसल्या होत्या. डोक्याला सिमेंटची धूळ लागलेली एक तरणी बाई मुलीला घेऊन दारात उभी राहिली.

"बाई, वळखलं का? मी उंबरमाळची मैना. इथं कॉलनीच्या बांधकामावर हाय." तिनं वाकून पाया धरले. "ही माझी पोर. हिचा एक दिस चुकू देणार नाय. आमच्या खाड्यानं तुमची शाळा बुडाली. नदी वलांडून कोण धाडतंय पोरीला? माझं तिसरीतच सरलं."

बाईंनी पोरीचा फॉर्म भरायला घेतला होता, पण त्यांना ते ऐकवेना. "मैना, शाळा तुमच्यामुळे नाही बुडाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही होळीला परत येता, एवढं मी तक्त्यात लिहिलं असतं तर ती राहिली असती. मला घरी यायचं होतं. मी लिहिलं नाही."



"तुम्हाला ठाऊक व्हतं, आम्ही येणार ते?"

"ठाऊक होतं."

"माझा बाप मरस्तोवर सोताला दोष देत गेला," मैना म्हणाली. फॉर्म अर्धा भरून झाला होता. पोर टेबलाला टेकून पेनाकडे टकामका बघत होती. मैनानं तिला दंडाला धरून आपल्याकडे ओढलं.

"पहिलीच्या दोन तुकड्या हायेत ना?"

"आहेत."

"मग हिचं नाव दुसऱ्या बाईंच्या वर्गात घाला."

बाईंनी तसं लिहिलं.