हैबतरावांवर वाजलेली घंटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे, आणि एका माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. मित्रांनो, घंटी रागावते का, असं तुम्ही विचाराल. पूर्ण ऐका, मग विचारा.

माझा जन्म मुंबईत भुलेश्वरच्या एका कारखान्यात झाला. वरची कळ दाबली की मी 'टिंग' म्हणते. विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाने मला विकत घेतलं ते व्याख्यानमालेसाठी. ही माला दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भरे, एकदा पेणला, एकदा रोह्याला. वक्ता लांबण लावू लागला की अध्यक्ष मला वाजवत. पहिली घंटा म्हणजे आवरा, दुसरी म्हणजे बसा.

पहिले अध्यक्ष दिनानाथ सर एका बोटाने हलकेच दाबत आणि नंतर मला रुमालाने पुसत. पाहुणे म्हणत, "आवाज किती गोड आहे हो हिचा!" मी खुशीत असे.

मग हैबतराव अध्यक्ष झाले. ते मला तळहाताने थापटी मारत. माझ्या बुडाशी सिगारेटची राख झाडत. माझी स्प्रिंग वाकली, अंगावर त्यांच्या अंगठीचे ओरखडे उठले. तेही मी सोसलं असतं. पण नावडता माणूस बोलायला उभा राहिला की ते मला लगेच वाजवत, आणि स्वतः बोलत तेव्हा मी गप्प. माझ्या तोंडून त्यांनी किती जणांची तोंडं बंद केली! तेव्हाच मी ठरवलं, ह्यांना सोडायचं नाही.

विभागात एस्थरबाई नावाच्या प्राध्यापिका होत्या. त्या मूळच्या रोह्याजवळच्या तेल गाळणाऱ्या ज्यू कुटुंबातल्या. ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. बहुतेक जण इस्रायलला निघून गेले होते. मागे उरलेल्या म्हाताऱ्यांच्या ओट्यांवर बसून बाईंनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि निबंध लिहिला. तो मालेत वाचायला मिळावा म्हणून हैबतरावांकडे दिला. फक्त शनिवार नको, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"वार बदलता येत नाही, बाई. तुम्हीच येत नाही त्याला मी काय करू?" हैबतराव म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा! कारण पुढच्या महिन्यात तोच निबंध ते स्वतःच्या नावाने वाचणार होते. आयत्या बिळावर नागोबा. मुंबईहून पाहुणे येणार होते. त्यांना आवडला तर विद्यापीठ त्याचं पुस्तक काढणार होतं. बाईंची सगळी मेहनत दुसऱ्याच्या नावावर छापली जाणार, आणि मी त्याच टेबलावर बसून ते बघणार!

तो शनिवार रोह्याचा होता. पाहुण्यांची गाडी वडखळच्या नाक्यावर अडकली, म्हणून सकाळची सभा संध्याकाळवर गेली. हैबतराव वाचायला लागले. निबंध बाईंचा, त्यात स्वतःचं म्हणून त्यांनी एकच वाक्य घातलं होतं, "हे लोक शनिवारी रात्री बारा वाजेपर्यंत कसलंही काम करत नाहीत." मग ते पानामागून पान वाचत राहिले. बाहेर अंधार पडला.

तेवढ्यात चहावाल्या हौसाबाई दारात येऊन म्हणाल्या, "सर, एस्थरबाय आल्या हायेत. खुर्ची देऊ काय?"

हैबतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी ते हसून म्हणाले, "बाई, आज शनिवार ना?"

"संपला, सर. आमचा शनिवार शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि आकाशात तीन चांदण्या दिसल्या की संपतो. सभा संध्याकाळवर गेल्याचं हौसाबाईंनी कळवलं होतं. चांदण्या बघितल्या, मगच इथल्या रोह्यातल्या घरून निघाले. तुम्ही वाचताय तो निबंध माझा आहे."

हैबतरावांनी माझ्यावर थापटी मारली. मी वाजले नाही. पुन्हा मारली. त्यांनीच वाकवलेली स्प्रिंग मी घट्ट धरून ठेवली. बाई बोलत राहिल्या. कुठल्या घरात घाणा होता, कोणाची म्हातारी काय म्हणाली, विमानाला निघताना कोणी दाराला हात लावून रडलं, सगळं सांगितलं. हौसाबाई म्हणाल्या, "माझ्या शेजारणीकडं हीच बाय बसायची. ह्यांना तिथं कोनी पायला नाय."

मुंबईच्या पाहुण्यांनी चष्मा काढला. "हैबतराव, तुम्ही कोणाकोणाला भेटलात?"

"मी स्वतः..." त्यांनी सुरुवात केली, आणि मी स्प्रिंग सोडली. टिंग. ते थांबले. पुन्हा तोंड उघडलं. टिंग. सभागृहात कोणीतरी हसलं, मग सगळेच. एवढा गोड आवाज माझा आयुष्यात कधी लागला नव्हता.

पुस्तक एस्थरबाईंच्या नावाने निघालं. आता अध्यक्ष त्याच आहेत, आणि माला रविवारी भरते. घरून आणलेल्या तिळाच्या तेलाचा थेंब त्या माझ्या स्प्रिंगमध्ये सोडतात. मित्रांनो, वस्तू अशी जपावी. आणि दुसऱ्याचा आवाज दाबायला तिला कधी हातात घेऊ नये, ती डूख धरते.

हैबतराव अजून येतात, मागच्या रांगेत बसतात. प्रश्न विचारायला उठले की लांबण लावतात. मी कळ वर करून वाट बघते. एस्थरबाई मला उचलतात आणि टेबलाच्या खणात ठेवून म्हणतात, "बोला सर, सावकाश बोला." बाईंनी माफ केलं असेल. खणातल्या अंधारात मला ते अजून जमत नाही.