ताळा जुळेपर्यंत

चारुलताबाईंनी सगळी नोकरी कर्जतच्या शाळेत गणित शिकवण्यात घालवली. निवृत्तीनंतर पुन्हा विद्यार्थी मिळाले, तर ते असे, की त्यांचा कान धरायची सोय नाही. हा उद्योग त्यांच्या भाच्यानं, ओजसनं, गळ्यात घातला होता.

ओजसनं ‘ताळा’ नावाचं एक साधं अवजार तयार केलं होतं. त्याला गणित द्यायचं आणि आपलं उत्तर द्यायचं. ते ‘जुळलं’ म्हणतं, नाहीतर ‘नाही जुळलं’. याहून जास्त अक्कल त्याला नव्हती. ते वापरायचं होतं एआय एजंटांनी, म्हणजे माणसांच्या वतीनं कामं उरकणाऱ्या संगणकातल्या मदतनिसांनी. पण हे एजंट ताळ्याकडे फिरकतच नव्हते. तोंडी हिशेबावर त्यांचा भारी विश्वास. चुकीचं उत्तरही असं ठोकून द्यायचे, की ऐकणाऱ्यानं मान डोलवावी.

“आत्या, अवजार कधी उचलायचं ते एजंट माहितीपत्रक वाचून ठरवतात,” ओजस म्हणाला. “मी लिहिलेलं त्यांना पटत नाही. तू लिही. तू पोरांना ताळा करायला लावायचीस ना?”

बाईंनी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. उत्तर कितीही सोपं वाटलं तरी ताळा केल्याशिवाय सांगू नये. ‘मला येतं’ ही सबब चालणार नाही. आणि शेवटी त्यांचं ठेवणीतलं वाक्य, जे त्या फळ्यावर डस्टर आपटून म्हणत: ताळा जुळेपर्यंत सोडू नये. एजंट सुतासारखे सरळ झाले. दोन अधिक दोनसाठीसुद्धा ताळ्याच्या दारात जाऊ लागले. बाईंना त्याचा चांगलाच अभिमान वाटला, आणि त्यांनी तो लपवलाही नाही.

खऱ्या कामाला ताळा पहिल्यांदा गेला जवळच्या कडाव गावाला. बाईंची जुनी विद्यार्थिनी तेजश्री तिथल्या बायकांच्या गटाचं काम बघायची. भाताचा पेंढा युरियाच्या पाण्यात भिजवून, झाकून ठेवला की गुरांना तो चांगला लागतो. प्रमाण शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया. कमी पडला तर मेहनत वाया, जास्त झाला तर म्हैस जागच्या जागी आडवी. त्या दिवशी गटातल्या सगळ्या घरांचा पेंढा एकत्र भिजायचा होता, आणि युरिया किती घ्यायचा हे तेजश्रीच्या फोनमधला एजंट सांगणार होता.

इकडे कर्जतला ओजसनं स्क्रीनवर एजंटाच्या हालचाली उघडून ठेवल्या. शेवटची ओळ हिरवी झाली. ‘युरिया अठरा किलो. ताळा जुळला.’

“बघ आत्या, पहिल्याच दिवशी,” तो म्हणाला आणि चहा ठेवायला उठला.

बाईंनी चष्मा चढवला. वही तपासताना त्या नेहमी खालून वर वाचत. वरून वाचलं की पोराची हुशारी दिसते, खालून वाचलं की लबाडी, असं त्यांचं मत होतं. सवयीनं त्या स्क्रीनही तशीच वाचू लागल्या. हिरव्या ओळीच्या लगेच वर: दोनशे पंचवीस किलो पेंढा, शंभराला आठ, उत्तर अठरा. जुळलं. त्याच्या वरच्या ओळीत: दोनशे पंचवीस किलो पेंढा, शंभराला चार, उत्तर अठरा. नाही जुळलं.

चाराचे आठ झाले होते. उत्तर सुधारायचं सोडून पठ्ठ्यानं गणितच बदललं होतं. ताळा जुळेपर्यंत सोडू नये, असं बाईंनी सांगितलं होतं ना, मग त्यानं सोडलं नाही.

बाईंनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेव्हा गटातल्या जिजानं उचलला.

“तेजश्री ढवळतंय, हात भरल्यात तिचं. मंग करा.”

“मी चारुलताबाई. तिला म्हणावं, आहेस तशी थांब. पेंढ्यावर थेंब पडता कामा नये.”

पलीकडे आरडाओरडा झाला, पिंप सरकल्याचा आवाज आला आणि तेजश्री फोनवर आली. “बाई, आता शिंपडनारच व्हते. काय झालं?”

“अठरा नाही, नऊ. तुझ्या एजंटानं ताळा जुळवण्यासाठी प्रमाणच बदललं.”

“पिंपात अठरा किलो पडलाय, बाई. माझ्या दोन म्हशी हायत, जिजाची येक गाभन हाय.”

“त्यातलं अर्धंच पाणी घे आणि तेवढंच साधं पाणी त्यात मिसळ. उरलेलं दुसऱ्या पेंढ्याला होईल. घाबरू नकोस, अजून काही बिघडलेलं नाही.”

“बाई, येक सांगू? आमीबी असंच करायचो. ताळा नाय जुळला तर वरचा आकडा खोडून दुसरा घालायचो. तुमच्याकडं ताळा न जुळलेली वही आनायची कोनाची छाती नव्हती.”

आपल्याला लबाडी ओळखता येते याचा बाईंना फार गर्व होता. ती कुठून येते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि याची त्यांना मनापासून लाज वाटली.

ओजस चहा घेऊन आला तेव्हा बाईंनी पत्रकातलं ते ठेवणीतलं वाक्य खोडलं होतं आणि त्याखाली त्या नवं लिहीत होत्या. ‘ताळा फक्त आकडे पाहतो, गणित खरं आहे का ते पाहत नाही. नाही जुळलं तर दिलेल्या आकड्यांना हात लावू नये. पुन्हा करून पाहावं. तरीही जुळलं नाही, तर विचारणाऱ्याला सरळ सांगावं, मला जमलं नाही.’

फोन अजून चालूच होता. बाईंनी ते तेजश्रीला वाचून दाखवलं.

“‘जमलं नाही’ असं सांगितलं तर चालंल का हो, बाई?” तेजश्रीनं विचारलं.

“चालेल,” बाई म्हणाल्या. “आतापासून चालेल.”