जागा धरायचं कार्ड

हुई चेंगच्या वडिलांना ते कार्ड मुळीच नको होतं.

"सही नाही, नंबर नाही, नुसतं टेकवलं की पैसे गेले?" म्हाताऱ्या निओ काह हुआतने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "मग ज्याच्या हातात, त्याचंच झालं की हे!"

"छोट्या रकमांपुरतंच हो, पा. आणि दर वेळी मला मेसेज येतो."

"म्हणजे मी किती वेळा शिंकलो तेही तुला कळणार."

"शिंकायचे पैसे पडत असतील तर कळेल."

म्हातारा हसला आणि त्याने कार्ड खिशात टाकलं. एकदा का हसला की तो हरायचा, हे लेकीला लहानपणापासून ठाऊक होतं.

हुई चेंगच्या डोक्यात हिशेब वेगळाच होता. आई गेल्यापासून पा तोआ पायोह भागातल्या घरात एकटेच राहायचे आणि ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पुंगोलला. फोन ते उचलत नसत. कानाचं यंत्र कपाटात आणि फोन तांदळाच्या डब्यावर, अशी त्यांची व्यवस्था होती. रोज जाऊन बघायचं म्हटलं तर ऑफिस, पोरांच्या शिकवण्या, नवऱ्याच्या पाळ्या. कार्ड आलं आणि प्रश्नच मिटला. सकाळी तिचा फोन टुक् करायचा. घरासमोरच्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपातली कॉफी. म्हणजे पा उठले, लिफ्टने खाली आले, ठणठणीत आहेत. मग ती खुशाल ऑफिसला निघायची. हळूहळू रविवारची फेरी महिन्यावर गेली. कुणी चौकशी केली तर सांगायची, "पा ना? मजेत आहेत. आत्ताच कॉफी झाली त्यांची." आणि हे सांगताना तिला कधी ओशाळल्यासारखंही वाटलं नाही.

कार्डावर ते कॉफी तेवढी घेत, तीही लेकीचं मन राखायला. बाकी सगळं खिशातल्या नाण्यांवर. कॉफी टेबलावर ठेवायची, जागा धरायला शेजारी कार्ड ठेवायचं आणि पेजेच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. तिने एकदा ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"पा, लोक टिश्यूचं पाकीट ठेवतात! छत्री ठेवतात! बँकेचं कार्ड कोण ठेवतं?"

"टिश्यूला पैसे पडतात. आणि इतकी वर्षं झाली, माझी छत्री इथून कुणी उचलली नाही."

"छत्री टेकवून कुणाला जेवायला मिळत नाही."

"अगं, एवढी पहाऱ्याला बसली आहेस ना तू? मग मी कशाला घाबरू?"

खरं तर तिला ते ऐकून बरंच वाटलं.

शुक्रवारी कॉफीचा मेसेज नेहमीच्या वेळेला आला. शनिवारी जरा उशिरा, दुपारी आला. तोवर तिने तीनदा फोन बघितला होता. चारला जाऊन येऊ असं ठरवून चपलाही घातल्या होत्या. फोनने टुक् केलं आणि तिने चपला काढल्या. रविवारी कॉफीबरोबर भाजलेला पाव आणि अंडी. सोमवारी दुपारी चिकन-भात, संध्याकाळी माशाच्या गोळ्यांच्या शेवया.

हुई चेंग हरखून गेली. आई गेल्यापासून पांचं जेवण म्हणजे वाटीभर पेज आणि खारवलेला मुळा.

"पा जेवायला लागले बघ!" तिने नवऱ्याला फोन दाखवला.

"म्हाताऱ्याला कार्डाची चटक लागली," तो म्हणाला. "आता आपलं दिवाळं."

"लागू दे चटक." तिने त्याच रात्री वडिलांच्या खात्यात आणखी पैसे टाकले. मंगळवारी भाजलेलं बदक आलं तेव्हा तिला हसू फुटलं. बदक खाल्लं की त्यांच्या पायाचा अंगठा सुजायचा. रविवारी जाऊन चांगलं खडसवायचं असं तिने ठरवलं.

बुधवारी सकाळी पांच्या शेजारच्या रोहाना मावशींचा फोन आला.

"चेंग, तुझे पा तुझ्याकडे आले आहेत ना गं?"

"नाही मावशी, घरीच आहेत. आत्ताच पाव आणि अंडी खाल्ली त्यांनी."

मावशी हलकेच म्हणाल्या, "बाळ, दारातून वास येतोय. तू ये."

पा स्वयंपाकघरात पडले होते. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी पडले असणार. त्यांना इतक्यावरच थांबता आलं असतं, पण हुई चेंगने खोदून विचारलं. लगेच नाही गेले, असं मग त्यांना सांगावं लागलं. बहुधा शनिवारी रात्री.

शनिवारी चारला ती निघणार होती.

इमारतीखालच्या मोकळ्या जागेत शवपेटी ठेवली. हुई चेंग पांढऱ्या कपड्यांत, बाहीला काळं कापड लावून, मृतासाठी जाळायचे सोनेरी कागद दुमडत बसली होती. कार्ड बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सकाळी फोनने टुक् केलं. कॉफी.

ती उठली आणि तशीच रस्ता ओलांडून हॉकर सेंटरमध्ये गेली. पांच्या टेबलाशी ताटं गोळा करणारा म्हातारा बसला होता. अंगात सफाईवाल्यांचा सदरा, पुढ्यात कॉफी. तिचे कपडे बघून त्याने पेला खाली ठेवला. मग न विचारता खिशातून कार्ड काढलं आणि तिच्यासमोर सरकवलं.

"गेले का ते?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली.

"त्या दिवशी कॉफी अर्धी टाकून घाईने घराकडे गेले. मी टेबल पुसलं नाही, पोरी. म्हटलं, कार्ड इथे आहे, येतील परत. संध्याकाळपर्यंत कॉफीही तशीच ठेवली होती." त्याने तोंडावरून हात फिरवला. "दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. मग एक कॉफी घेऊन बघितली. ते मशीन कुठे विचारतं कार्ड कुणाचं ते. वाटलं, यांचं कुणी असेल तर लगेच बंद करेल. झालंच नाही बंद. मग जेवलो. रोज वाटायचं, आज बंद होईल."

"बदक," हुई चेंग म्हणाली. "बदकसुद्धा खाल्लंत तुम्ही."

"खाल्लं. खोटं कशाला बोलू? शेवटी वाटलं, यांच्यामागे कुणी नाहीच. माझ्यासारखंच."

त्याच्या थोबाडीत मारावी, आरडाओरडा करून सगळं सेंटर गोळा करावं, असं तिला वाटत होतं. पण हातात फोन होता. शनिवारची कॉफी, रविवारची अंडी, सगळे मेसेज त्यात होते, आणि प्रत्येक मेसेज तिने आल्या क्षणी उघडून वाचला होता.

म्हातारा तिच्याकडे बघत होता.

"पण तू त्यांची कोण?" त्याने विचारलं.

हुई चेंगला सांगता येईना.