न दिलेली माफी

शूटिंगच्या सातव्या दिवशी बाई खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "असं झालेलं नाही."

कॅमेरा चालू होता. हिरोच्या डोळ्यांत नुकतंच कुठे पाणी आलं होतं. दिग्दर्शिकेने कपाळाला हात लावला आणि "कट" म्हणून ओरडली.

बाईंनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. निवृत्तीनंतर घरी बसून माश्या मारण्यापेक्षा बरं, म्हणून त्या तुरुंगात कैद्यांना लिहायला-वाचायला शिकवू लागल्या. तिथे फाशीची शिक्षा झालेल्या एकाने त्यांना मागून घेतलं. अशा कैद्याला शेवटपर्यंत सोबतीला धर्मगुरू मिळायचा. याने अर्ज केला की धर्मगुरू नको, बाई हव्यात.

"अरे, मला अध्यात्मातलं ओ की ठो कळत नाही," बाई त्याला म्हणाल्या होत्या.

"मलाही नाही. पण चुकलेल्या उत्तराला तुम्ही बरोबर म्हणत नाही."

अकरा महिने बाई दर गुरुवारी त्याच्या कोठडीसमोर स्टूल टाकून बसल्या. गोदामाच्या वॉचमनचा खून त्याने केला होता, पण तो म्हणायचा, हात साथीदाराचा होता. बाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि निघताना विचारायच्या, "खरं कधी सांगणार?" फाशीची तारीख लागली त्या आठवड्यात तो बोलला. "मीच मारलं. घरी मुलं आहेत म्हणून हात जोडत होता. तरी मारलं."

बाईंनी त्याच्यापुढे कागद ठेवला. "मला सांगून भागणार नाही. त्याच्या बायकोला लिही."

ते पत्र घेऊन बाई स्वतः वॉचमनच्या बायकोकडे गेल्या. तिने पत्र घेतलं आणि दार लावून टाकलं. बाई अर्धा तास जिन्यात उभ्या. मग दार वीतभर उघडलं. "वाचलं. माफ केलेलं नाही. असंच सांगा त्याला."

जेलरपासून बाईंच्या सख्ख्या भावापर्यंत सगळ्यांनी विनवलं, मरणाऱ्याशी एक खोटं बोललं तर कुणाचं काय जातंय? बाईंनी निरोप जसाच्या तसा दिला. आणि शेवटच्या सकाळी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्याबरोबर चालत गेल्या.

आता नऊ वर्षांनी त्यावर सिनेमा निघत होता, आणि त्यात वॉचमनची बायको तुरुंगात येऊन गजांतून खुन्याच्या डोक्यावर हात ठेवत होती.

"बाई, लोकांना थिएटरातून जरा हलकं होऊन जाऊ द्या की," निर्माता साखर पेरत म्हणाला. "आणि तुम्ही सही केलीय."

"माझ्या गोष्टीवर केलीय. तिच्या माफीवर सही करायला मी कोण?" बाई दिग्दर्शिकेकडे वळल्या. "अगं, तिला विचारलंस का?"

"नाही," दिग्दर्शिका म्हणाली.

"मग मी विचारून येते. तोवर हा सीन घ्यायचा नाही."

"आणि घेतला तर?" निर्मात्याने विचारलं.

"तर कॅमेऱ्यापुढे खुर्ची टाकून बसेन. मला बसायची सवय आहे."

वॉचमनची बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. चादरींच्या घड्या घालता घालता तिने सगळं ऐकून घेतलं. हात काही थांबले नाहीत.

"माझं काम कोण करतंय?"

"एक नटी आहे. चांगली आहे."

"आणि ती त्याला माफ करते?"

"हो."

तिने हातातली चादर पुरी केली, एप्रन सोडून खुंटीला टांगला. "चला."

सेटवर बाईंनी ती कोण ते सांगितलं. कुणीतरी खुर्ची दिली, ती बसली नाही. सरळ दिग्दर्शिकेपुढे जाऊन उभी राहिली.

"मुली, माफ केलं असतं तर मी लपवलं नसतं. रोज सकाळी उठून मला ठरवावं लागतं, त्याच्याबद्दल काय वाटून घ्यायचं ते. नऊ वर्षं झाली. तू ते दोन मिनिटांत उरकून टाकलंस."

दिग्दर्शिकेने हातातले कागद चाळले. मग तिने त्यातली माफीच्या सीनची तीन पानं काढून बाजूला ठेवली. "दाराचा सीन घेऊ. तुम्ही सांगाल तसा."

निर्माता फोन कानाला लावून तणतणत बाहेर गेला. त्याला थांबवायला कुणी गेलं नाही.

नटीने दार उघडलं.

"एवढं नाही," वॉचमनची बायको म्हणाली. "वीतभर. मला यांना घरात घ्यायचं नव्हतं." तिने बाईंकडे बोट दाखवलं. बाईंनी मान डोलावली. खरंच होतं ते. चार वेळा सीन घेतला, चारही वेळा तिने काहीतरी चूक काढली. पाचव्या वेळी ती काही बोलली नाही.

दुपारी दोघी बसस्टॉपवर उभ्या होत्या. वॉचमनच्या बायकोने रस्त्याकडे बघत विचारलं, "माझा निरोप ऐकून तो काय म्हणाला?"

नऊ वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

"त्याने विचारलं, सगळं वाचलं का तिने? मी म्हटलं, ठाऊक नाही. दार बंद होतं."

"हो म्हणायचंत."

"ठाऊक नव्हतं ना."

बस आली, भरलेली होती, निघून गेली.

"सगळं वाचलं होतं," ती म्हणाली. "दोनदा."

 बाईंनी तिचा हात धरला, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

सिनेमा तीन आठवडे चालला. निर्माता अजून म्हणतो, माफी ठेवली असती तर तीन महिने चालला असता. असेलही. वॉचमनच्या बायकोने तो पाहिला नाही. बाईंनी पाहिला, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा तुरुंगाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. फाशीच्या कोठडीत एक नवा माणूस आला होता, आणि तो कुणाशीच बोलत नव्हता.